बालकांचे मलमूत्रविकार, घरगुती वनौषधी आणि शिक्षकाचे कर्तव्य

प्राथमिक शाळेतील शिक्षकाकडे पालक केवळ अक्षरओळखीसाठी येत नाहीत. मुलाच्या प्रकृतीविषयीचे कितीतरी प्रश्न ते प्रथम शिक्षकासच विचारतात. त्यांपैकी एक प्रश्न फार हलक्या आवाजात विचारला जातो. "गुरुजी, पोर अजून अंथरुणात लघवी करतं, काय द्यावं?" किंवा "बाई, चार-चार दिवस हिला परसाकडला होत नाही, एरंडेल पाजू का?" विषय संकोचाचा असल्यामुळे तो सहसा शिक्षणपरिषदेत निघत नाही. तथापि वर्गात कपडे खराब झालेल्या एखाद्या मुलाचे हसे होते, तो दुसऱ्या दिवसापासून शाळेत येत नाही, आणि हजेरीपटावर त्याच्यापुढे केवळ गैरहजेरीच्या खुणा राहतात. एखाद्या मुलीच्या मूत्रमार्गातील जंतुसंसर्गावर महिनाभर काढे चालू राहतात व दुखणे मूत्रपिंडापर्यंत पोचते. म्हणून या विषयाचा संकोच बाजूस ठेवून विचार करणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार केला आहे. पहिली, मूत्राशय व आतडे यांचे कार्य बालकात कसे चालते. दुसरी, आपल्या घरोघरी दिल्या जाणाऱ्या मुळ्या, साली व चूर्णे यांपैकी कोणती निरुपद्रवी, कोणती जपून वापरण्याची आणि कोणती सर्वथा वर्ज्य. तिसरी, शाळेने आपल्या अधिकारात काय करावे. शिक्षक हा वैद्य नव्हे, हे येथे आरंभीच स्पष्ट करणे इष्ट. त्याने औषध सुचवू नये. परंतु कोणते औषध देऊ नये आणि केव्हा विलंब करू नये, हे सांगण्याइतके ज्ञान त्याच्याजवळ असलेच पाहिजे.

१. शरीराचा व्यवहार

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. ती भरत आली म्हणजे मेंदूस तशी सूचना मिळते व योग्य जागी पोचेपर्यंत मूल ती रोखून धरते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मळ आला म्हणजे तेथेही अशीच सूचना उत्पन्न होते. हे दोन अवयव शरीरात एकमेकांस लागून आहेत. मळाने गच्च भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. त्यामुळे मुलास वारंवार लघवीस लागते, थेंब थेंब गळते, रात्री अंथरूण ओले होते, किंवा मूत्राशय पुरता रिकामा न झाल्यामुळे जंतूंना वाढण्यास अवसर मिळतो. यास्तव लघवीच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा पोटात असते, आणि मलावरोध दूर झाला म्हणजे लघवीची तक्रारही अनेकदा कमी होते. हा एक धागा लक्षात राहिला तरी या लेखाचा अर्धा हेतू साध्य झाला.

मलावरोध कसा जडतो ते पाहा. एकदा मळ कठीण झाला, शौचाच्या वेळी दुखले, की मूल भिते. दुसऱ्या वेळी ते वेग रोखते. रोखलेल्या मळातील पाणी आतडे शोषून घेते व तो अधिक कठीण होतो, म्हणजे पुढच्या वेळी अधिक दुखते. असे हे दुष्टचक्र चालू राहिले की आतडे ताणून रुंद होते व त्याची जाणीवच बोथट होते. मग कठीण मळाच्या कडेने पातळ मळ आपोआप झिरपतो व मुलाचे कपडे खराब होतात. मुलास ते कळतही नाही. घरचे समजतात की हगवण लागली. ते कुड्याची साल, डाळिंबाची साल किंवा कच्च्या बेलफळाचे चूर्ण देतात. ही द्रव्ये मळ बांधणारी, म्हणजे आधीच कोंडलेल्या आतड्यास आणखी कोंडणारी. रोग एक आणि उपचार त्याच्या नेमका उलट, असा हा प्रकार होय. मूल आळशी आहे, घाणेरडे आहे, मुद्दाम करते, असे म्हणणे म्हणजे लंगड्यास धावत नाही म्हणून रागावण्यासारखे आहे.

अंथरुणात लघवी करणे हा बहुधा रोग नसतो, तर वाढीतील विलंब असतो. पाच वर्षांच्या वयात शंभरातील सुमारे पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात, आणि अशा मुलांपैकी दरवर्षी सुमारे पंधरा टक्के मुलांची ही सवय काही न करता आपोआप सुटते. आईस किंवा वडिलांस लहानपणी ही सवय असल्यास मुलात ती आढळण्याचा संभव वाढतो. या 'आपोआप सुटण्या'मुळेच पुष्कळ औषधांना फुकटचे यश मिळते. ज्या महिन्यात सवय सुटायची होती, त्याच महिन्यात जे चूर्ण चालू असेल त्याची कीर्ती गावभर होते.

२. घरोघरच्या औषधी : गुण आणि मर्यादा

आपल्या आजीबाईंच्या बटव्याची थट्टा करण्याचे कारण नाही. त्यातील कित्येक वनस्पतींत खरोखरच परिणामकारक द्रव्ये आहेत. परंतु ज्या वस्तूत परिणाम करण्याचे सामर्थ्य आहे तिच्यात अपाय करण्याचेही सामर्थ्य असते, हा नियम वनस्पतीस लागू नाही असे समजणे हीच मोठी चूक आहे. आयुर्वेदानेही बालचिकित्सेस कौमारभृत्य असे स्वतंत्र अंग मानले व काश्यपसंहितेसारखा ग्रंथ त्यासाठी रचला. याचा अर्थच असा की मोठ्याचे औषध कमी करून मुलास पाजणे, हे त्या शास्त्रासही मान्य नाही.

बाळगुटी : वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, बाळहिरडा, मुरडशेंग, अतिविष, नागरमोथा, ज्येष्ठमध इत्यादी द्रव्ये सहाणेवर उगाळून वेढ्यांच्या मापाने देण्याची आपली जुनी पद्धत आहे. मुरडशेंगेचा आकार पीळ घातलेल्या आतड्यासारखा, म्हणून ती पोटातील मुरड्यावर. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचे कोवळे फळ, सारक मानतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात तो गोळा करून बाजारात येतो. येथे तीन धोके ध्यानात ठेवावेत. पहिला, सहा महिन्यांपर्यंतच्या अर्भकास आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा द्यावयाचे नसते. मग गुटी कोठून? दुसरा, गुटीबरोबर चाटवला जाणारा मध एक वर्षाखालील बालकास देऊ नये, कारण त्यातील जंतूंच्या बीजांमुळे स्नायू लुळे पाडणारा विकार होऊ शकतो. तिसरा, द्रव्यांची भेसळ. अतिविष व बचनाग ही एकाच कुळातील मुळे. पहिले औषधी तर दुसरे जहाल विष. आठवडी बाजारातील पथारीवरून घेतलेली मुळी कोणती, हे पाहून ओळखणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. वेखंडाविषयीही सावधगिरी हवी. त्यातील एका तैलद्रव्याच्या अपायामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी आहे.

एरंडेल : महिन्या-पंधरा दिवसांनी मुलांना एरंडेल पाजून 'कोठा साफ' करण्याची चाल कित्येक घरांत अद्याप आहे. एरंडेलाने आतड्यास जोराचा वेग येतो व जुलाब होतात, हे खरे. पण त्याबरोबर पोटात कळा येतात आणि शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. चैत्र-वैशाखात परभणीचा पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, अशा दिवसांत हे विशेष घातक. निरोगी आतड्यास साफ करण्याची गरज नसते. जंतांसाठी एरंडेल पाजण्याचीही आता गरज उरलेली नाही. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते व ती आपल्याच हातून मुलांस मिळते. एरंडाचे बी तर विषारीच आहे. चंद्रज्योत, जिला कोठे मोगली एरंड म्हणतात, तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन शाळकरी मुलांस उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. शाळेच्या कुंपणास ही झाडे असल्यास मुख्याध्यापकांनी ती काढवून टाकावीत.

सोनामुखी : हिच्या पानांतील द्रव्यावर मोठ्या आतड्यातील जंतूंची क्रिया होऊन आतड्यास चेतना मिळते. म्हणून रात्री घेतलेल्या औषधाचा परिणाम सकाळी दिसतो. आधुनिक वैद्यकातही हिचा उपयोग मान्य आहे व डॉक्टर मोठ्या मुलांस मोजक्या मात्रेत ती देतातही. पण पुडीतील पानांत द्रव्य किती हे सांगता येत नाही. जास्त झाल्यास कळा, जुलाब, आणि लहान मुलांत मळाच्या स्पर्शाने त्वचेवर फोडही येतात. बाजारातील बहुतेक 'कब्जनाशक' चूर्णांत सोनामुखी असते, हे वेष्टन वाचल्यास दिसून येईल.

इसबगोल : हा निव्वळ भुसा आहे. तो पाणी शोषून अनेक पटींनी फुगतो व मळास मऊपणा आणतो. द्रव्य सौम्य खरे, परंतु पुरेशा पाण्याशिवाय घेतल्यास ते घशात वा आतड्यात अडकू शकते. आधीच मळाचा खडा अडकलेल्या मुलास भुसा देणे म्हणजे भरलेल्या पोत्यात आणखी भर घालणे होय. अशा मुलाचे पोट प्रथम डॉक्टरांकडून मोकळे करून घ्यावे लागते.

बेलफळ, धने-जिरे, ओवा, बडीशेप : कच्चे बेलफळ मळ बांधते तर पिकलेले सारक असते, ही आपली परंपरा एकाच फळाविषयी सांगते. म्हणजे 'बेल पोटास चांगला' एवढे अर्धे वाक्य पुरेसे नाही. स्वयंपाकघरातील धने, जिरे, ओवा, बडीशेप अन्नाच्या प्रमाणात घेतल्यास मोठ्या मुलास अपाय नाही. त्यांनी रोग बरा होतो असा दावा मात्र करू नये.

तीळ-गूळ : अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलास काळे तीळ व गूळ देण्याची चाल सर्वत्र आहे. खाऊ म्हणून तो उत्तमच. त्याने सवय सुटते असे सिद्ध झालेले नाही. मूल अन्यथा निरोगी असेल तर तीळ-गूळ देत वाट पाहण्यास हरकत नाही. मात्र रोगाच्या खुणा असताना तीळ-गूळ देत बसू नये.

गोखरू व पुनर्नवा : गोखरू आपल्या कोरडवाहू रानात पायाला रुतणारा, पुनर्नवा म्हणजे बांधावरची घेटुळी. दोन्ही मूत्रल, म्हणजे लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या, म्हणून प्रसिद्ध आहेत. ज्या मुलास रात्री लघवी आवरत नाही त्यास लघवी वाढविणारे औषध देण्यात तर्क कोणता, एवढा प्रश्न पालकांस विचारला तरी पुरे. लघवीस जळजळ होते म्हणून हे काढे देणेही धोक्याचे. जळजळीचे कारण बहुधा आतड्यातून मूत्रमार्गात शिरलेले जंतू असतात. लघवीची तपासणी करून योग्य जंतुनाशक औषध दिल्याखेरीज ते हटत नाहीत, व दरम्यान मूत्रपिंडास कायमची इजा होण्याचा संभव असतो.

येथे एका परदेशी फळाचा उल्लेख आवश्यक आहे. अलीकडे शहरी दुकानांतून क्रॅनबेरीच्या गोळ्या व रस मिळतात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध प्रयोगांचा एकत्र विचार करून असे सांगितले की वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांत आणि मुलांत क्रॅनबेरीने पुन्हा संसर्ग होण्याचा धोका कमी होतो. हा निष्कर्ष प्रतिबंधाविषयी आहे. झालेला संसर्ग तिने बरा होतो, असा त्याचा अर्थ नाही. तसेच आपले करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. दोन्हींचे कूळ निराळे. एकाचा गुण दुसऱ्यास चिकटवू नये.

सर्वथा वर्ज्य : जमालगोटा, बचनाग आणि बिब्बा ही तीन नावे फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी आहेत. ही द्रव्ये असलेल्या आयुर्वेदीय औषधांवर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे, यावरून त्यांचे सामर्थ्य कळावे. पोट दुखते म्हणून पोटावर बिब्ब्याची फुली काढल्याने कातडी भाजते, पोटातील दुखणे तसेच राहते. मेळघाटात पोट फुगलेल्या बालकास तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डंबा' नावाची रूढी आहे. तिच्याविरुद्ध तेथे अद्यापि झटावे लागते. आपल्या भागात असा प्रकार आढळल्यास शिक्षकाने मौन पाळू नये.

३. पुडी, बाटली आणि तिच्यावरील मजकूर

गावात येणाऱ्या वस्तू तीन प्रकारच्या असतात. एक, परवानाप्राप्त आयुर्वेदीय औषध. यावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व मुदत छापलेली असते. दोन, 'पूरक आहार' म्हणून विकली जाणारी वस्तू. ही कायद्याने औषध नसून अन्न आहे आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' असे तिच्यावरच छापलेले असते. दुकानदार तोंडाने जे सांगतो ते वेष्टनावरील या एका ओळीशी ताडून पाहावे. तीन, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली, नाव-गाव नसलेली पुडी. ही कोणत्याही मुलास देऊ नये.

हा आग्रह अवाजवी नाही. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या परिसरातील दुकानांतून दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदीय औषधे घेऊन तपासण्यात आली, तेव्हा त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. शिशाने मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. विशेष हे की शिशाची बाधा झालेल्या मुलास पोटात कळा येतात व मलावरोध होतो. म्हणजे ज्या तक्रारीसाठी पुडी द्यावी तीच तक्रार पुडीने वाढावी, आणि ती वाढली म्हणून आणखी पुडी द्यावी, असा अनर्थ घडू शकतो. जाहिरातींस आळा घालण्यासाठी १९५४ चा औषधी व जादूचे उपाय याविषयीचा कायदा आहे. 'शर्तिया इलाज' असे शब्द दिसताच सावध व्हावे.

४. विलंब न करता दवाखान्यात पाठविण्याच्या खुणा

पुढील खुणा प्रत्येक शिक्षकाने पाठ कराव्यात. यांपैकी एकही दिसल्यास पालकांस त्याच दिवशी कळवावे व प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे.

(अ) लघवीस जळजळ किंवा दुखणे, सोबत ताप, थंडी, कमरेत दुखणे किंवा लघवीत रक्त.
(आ) रात्री कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे, त्याबरोबर अतिशय तहान, वारंवार लघवी व वजन घटणे. ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात. बालकांतील मधुमेह काही दिवसांतच जिवावर बेततो. रक्तातील साखर त्याच दिवशी तपासली पाहिजे. अशा मुलास काढे देण्यात गेलेला आठवडा पुन्हा मिळत नाही.
(इ) पोटात, विशेषतः उजव्या बाजूस खाली, सतत वाढते दुखणे, उलट्या, पोट फुगणे. अशा वेळी एरंडेल वा कोणतेही जुलाबाचे औषध देणे प्राणघातक ठरू शकते. आंत्रपुच्छास सूज असेल तर ते फुटण्याची भीती असते.
(ई) मळातून रक्त जाणे, वजन न वाढणे, चालण्यात दोष, किंवा जन्मापासूनच मलावरोध असणे.
(उ) जुलाब होऊन मूल मलूल पडणे, डोळे खोल जाणे, लघवी न होणे.

शेवटच्या खुणेविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. जुलाबावरील सर्वांत श्रेष्ठ 'घरगुती औषध' तेच होय. आशा कार्यकर्तीकडील क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालावे. सोबत आरोग्यसेविका देईल त्या जस्ताच्या गोळ्या सांगितलेले सर्व दिवस द्याव्यात. जुलाब थांबले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

मलावरोधावर डॉक्टर जे औषध देतात ते मळात पाणी धरून ठेवणारे व मऊपणा आणणारे असते. ते पुष्कळदा काही महिने घ्यावे लागते, कारण ताणलेल्या आतड्यास पूर्वस्थितीवर येण्यास वेळ लागतो. चार दिवसांत गुण आला म्हणून पालक औषध सोडतात व तक्रार परतते. 'औषधाची सवय लागेल' ही त्यांची भीती शिक्षकाने समजावून दूर करावी. ज्या पालकांचा आयुर्वेदावर विश्वास आहे त्यांनी पदवीधर व नोंदणीकृत वैद्याकडे जावे. मात्र दोन्हीकडील औषधे चालू असल्यास ती दोन्ही चिकित्सकांस सांगावीत.

५. शाळेच्या हातातील उपाय

येथवर शिक्षकाने काय देऊ नये ते सांगितले. आता जे त्याने अवश्य द्यावे ते पाहू. यास औषधाचा एक पैसाही लागत नाही.

स्वच्छतागृह : मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे व पिण्याचे पाणी हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे निकष आहेत. परंतु स्वच्छतागृह बांधलेले असणे आणि ते वापरता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुलूप लावलेले, कडी नसलेले, पाणी नसलेले स्वच्छतागृह नकाशावर असते, मुलांच्या उपयोगाचे नसते. मुली लघवीस जावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी रोखणे व पाणी न पिणे या दोहोंमुळे जंतुसंसर्ग व मलावरोध दोन्ही बळावतात. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा स्वतः आत जाऊन कडी, बादली, पाणी व उजेड पाहावा. दुरुस्तीची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात नोंदवावी.

परवानगी : तास चालू असता लघवीस जाण्याची परवानगी नाकारू नये. एखादा विद्यार्थी खोटे बोलून बाहेर जाईल, ही हानी अल्प आहे. दहांनी वेग रोखावा, ही हानी मोठी आहे. मुलाने दिवसातून साधारण पाच-सहा वेळा, म्हणजे दर दोन-तीन तासांनी, लघवीस जावे.

पाण्याची घंटा : २०१९ साली केरळातील शाळांतून मुलांस पाणी पिण्याची आठवण देणारी निराळी घंटा सुरू झाली व तिचे अनुकरण इतरत्र झाले. आपल्या उन्हाळ्यास हा उपक्रम फारच सोईचा. शाळकरी मुलाच्या पोटात दिवसाकाठी एक ते दीड लिटर पाणी जावे, उन्हाळ्यात त्याहून अधिक.

आहार : आपला जिल्हा ज्वारीचा. परभणी मोतीसारखा ज्वारीचा वाण येथील कृषी विद्यापीठाने दिला, आणि आपली मुले मधल्या सुट्टीत मैद्याची बिस्किटे व तळलेल्या पुड्या खातात. ज्वारीची भाकरी, सालीसकट डाळी, तांदुळजा, चाकवत, अंबाडी, शेपू, पेरू, बोरे, केळी यांत मळ मऊ ठेवणारा चोथा विपुल आहे. शालेय पोषण आहारात पालेभाजी असावी याकडे शाळेने लक्ष द्यावे, व परसबागेत ती लावावी.

वेळेची सवय : जेवणानंतर आतड्यास स्वाभाविक चेतना मिळते. म्हणून सकाळी न्याहारीनंतर पाच-दहा मिनिटे निवांत उकिडवे बसण्याची सवय लावण्यास पालकांस सांगावे. शाळेची घाई म्हणून ही वेळ रोज बुडते, आणि तेथूनच मलावरोधास आरंभ होतो.

वागणूक : कपडे खराब झालेल्या मुलास वर्गासमोर उभे करू नये. कार्यालयात एक जुनी चड्डी, एक परकर, साबण व टॉवेल ठेवावा. मुलास शांतपणे बाजूस न्यावे. पालकांस चिठ्ठी देताना ती दुसऱ्या मुलाच्या हाती देऊ नये. अंथरुणात लघवी केल्याबद्दल घरी मार देऊ नये, हे पालकसभेत सर्वांस उद्देशून सांगावे. कोणाचेही नाव घेऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते त्या दिवशी अशा मुलांची नावे पथकातील डॉक्टरांस एकांतात द्यावीत. पथक येईल तेव्हा मूल गैरहजर राहणार नाही, अशी व्यवस्था करावी.

६. नमुना पाठ (इयत्ता चौथी व पाचवी)

विषय : आपल्या शरीराची स्वच्छता व सवयी. वेळ : ४० मिनिटे.

उद्देश : मल व मूत्र यांचे वेग न रोखण्याचे कारण मुलांस समजावे. पाणी व चोथायुक्त आहार यांचे महत्त्व कळावे. अनोळखी बी वा पुडी न खाण्याचा निश्चय व्हावा.

साहित्य : दोन कापडी पिशव्या, ओली व सुकी माती, पाण्याचा तांब्या, मूठभर इसबगोल, काचेचा पेला.

प्रस्तावना : आज सकाळपासून किती पेले पाणी प्यालात? उन्हात खेळून आल्यावर लघवीचा रंग कसा दिसतो? या प्रश्नांवरून मुलांची उत्तरे घ्यावीत. हसू आल्यास येऊ द्यावे. शिक्षक गंभीर राहिले की हसू आपोआप थांबते.

प्रतिपादन : (१) एका पिशवीत ओली माती व दुसरीत सुकून ढेकूळ झालेली माती ठेवून पिशवीच्या तोंडातून कोणती सहज बाहेर येते ते मुलांकडून करवून पाहावे. त्यावरून पाणी कमी पडल्यास मळाचे काय होते, हे काढून घ्यावे. (२) पेल्यात थोडे इसबगोल घालून पाणी ओतावे व ते किती फुगते ते पाहावे. हेच पाण्याशिवाय घशात गेले तर काय होईल, असे विचारावे. (३) चंद्रज्योतीचे झाड दुरून दाखवावे. त्याचे बी हाती देऊ नये.

सारांश : तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत. वेग आल्यास थांबू नये. पाणी भरपूर प्यावे. दुखल्यास लाजू नये, आई-वडिलांस किंवा शिक्षकांस सांगावे.

उपयोजन : मुलांनी आठवडाभर प्यालेल्या पाण्याच्या पेल्यांची नोंद वहीत करावी. शौच-लघवीची नोंद मात्र वर्गात मागू नये, ती खाजगी बाब आहे.

७. केंद्राच्या शिक्षणपरिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या शाळेतील स्वच्छतागृह मुली दिवसभरात प्रत्यक्ष वापरतात काय? नसल्यास कारण कोणते?
२. गावात मुलांच्या पोटाच्या व लघवीच्या तक्रारींवर कोणती मुळे व चूर्णे दिली जातात? त्यांची यादी करून वरील तीन वर्गांत त्यांची विभागणी करा.
३. कपडे खराब होण्याच्या कारणाने शाळा सोडलेले मूल आपल्या पटावर आहे काय? त्यास परत आणण्यासाठी पालकांशी कोणत्या शब्दांत बोलावे?
४. पाण्याची घंटा कोणत्या वेळी द्यावी व उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची सोय कशी करावी?

आजीच्या बटव्यातील मायेचा आदर ठेवून त्यातील अज्ञानाचा भाग वेगळा करणे, हे काम गावात शिक्षकाखेरीज दुसरे कोण करणार? सरकारी दवाखाना तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या ठिकाणी असतो. शिक्षक मात्र मुलाच्या समोर रोज पाच-सहा तास असतो. मुलाचा उतरलेला चेहरा, पाय आवळून बसणे, पुन्हा पुन्हा मागितलेली परवानगी हे त्यासच प्रथम दिसते. ते पाहावे, त्याचा अर्थ जाणावा, आणि योग्य वेळी योग्य ठिकाणी मुलास पोचवावे, इतकीच या लेखाची अपेक्षा आहे.